आरशाची तीट

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥

प्रिय चि. सौ. सृष्टी,

अनेक आशीर्वाद. ‘चि.’ जरा दाबूनच काढला आहे, कागदाच्या मागे उमटला. नाना शेजारीच बसलेत, म्हणाले, “आगं, फाटंल कागद.” म्हटलं, फाटला तर दुसरा घेईन. माझ्या तोंडून असं काही ऐकलं असतंस तर तू हातातलं काम टाकून हसत बसली असतीस. कागद म्हणजे छायाच्या मागच्या वर्षीच्या वहीतली उरलेली कोरी पानंच आहेत, पण तरी.

घरी सगळे बरे आहेत. छायाचे पुढचे दोन दात पडले, आता ‘सृष्टी’ म्हणताना शीळ वाजते. तुझी अबोली साडी परवा उन्हात घातली. खऱ्या उन्हात म्हणते मी, सकाळी येतं आणि संध्याकाळी जातं त्या. घडी करून परत पेटीत ठेवली. दारातल्या तुझ्या चपला मात्र पेटीत ठेवल्या नाहीत. झाडताना उचलते, झाडून झालं की तिथेच ठेवते, घराकडे तोंड करून. बाहेरून आलेल्या माणसाच्या असतात तशा.

छाया रोज निजताना तुझी कहाणी मागते. मी आपली शुक्रवारची सांगते त्याच चालीवर सांगते. आटपाट नगर होतं, त्याचं नाव नाशिक. तिथे वरचे आले. त्यांचं राज्य ताऱ्यांपल्याड, राजा कोणी पाहिला नाही, पण त्याची भूक मोठी. त्यांनी आभाळात आरसा टांगला आणि आपल्या शेतांवर रात्रीसुद्धा ऊन पाडलं, म्हणजे भाजीपाला दुप्पट यावा, माणसांनी दुप्पट राबावं आणि सगळं ओझरच्या धावपट्टीवरून त्यांच्या यानांत भरून वर जावं. कोणी झोपेसाठी खिडकीला काळा कपडा लावला तर त्या घरातला माणूस उचलून नेत, तो परत दिसत नसे. चंद्र दिसेना, संकष्टीचा उपास पंचांगात वेळ बघून सोडायचा, तो उगवला असेल या भरवशावर. इथपर्यंत छाया नुसती हं हं करते, ती या सगळ्यातच जन्मली. मग म्हणते, आता आईचं सांग. मग मी सांगते, त्या नगरात एक चितारीण होती. ती उंबऱ्यापुढे रांगोळी काढायला बसायची ती गल्लीच्या टोकाला जाऊन उठायची. सासू म्हणायची, अगं डबा संपला रांगोळीचा. ती म्हणायची, मोर कुठे संपलाय. छाया इथे दर वेळी हसते. मी तिचं पांघरूण सारखं करते.

पुढचं तिला थोडक्यात सांगते, कारण पुढचं तुझं आणि माझं आहे. मागच्या दिवाळीला तू माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसलीस आणि विचारलंस, आई, काजळ किती धरता येईल? मला वाटलं, दुसरं बाळ आहे की काय, मनातल्या मनात देवापुढे साखरही ठेवून झाली. तर तू सांगायला लागलीस वेगळंच. राजाच्या कसल्याशा सोहळ्यासाठी वरच्यांना आरशावर राजचिन्ह काढायचं आहे, त्यासाठी चितारी गोळा करताहेत. तुम्ही चितारी मंडळींनी आपसात ठरवलं होतं, आपण होऊन नावं द्यायची. चिन्ह सुरेख काढायचं आणि आरशाचे पडदे जिथे एकमेकांना जोडलेत तिथे त्यांच्याच रंगात काजळ कालवून ठिपके द्यायचे. वरून सोनेरी रंगाचा पातळ हात. तो हात उन्हाने उडाला की काळं उघडं पडणार, तापणार आणि जोड उकलणार. मला उमगेना तेव्हा तू म्हणालीस, चुना मारलेला पत्रा उन्हात गार राहतो आणि काळा तवा चटका देतो, एवढंच आहे हे. म्हटलं, म्हणजे तीटच की. तू म्हणालीस, हो आई, तीटच. बाळाला लावतो ती त्याला नजर लागू नये म्हणून, ही त्यांची नजर फुटावी म्हणून.

एवढं काजळ एका घरात कुठून धरायचं? मी बायकांना सांगितलं, देवीचा नवस बोलले आहे, या दिवाळीला पणत्यांवर ताट पालथं धरा आणि धरलेलं काजळ मला आणून द्या. त्या झगझगाटात पणत्या लावून दिसायच्या कुठे? तेल मात्र जळायचं. म्हटलं, जळतंच आहे तर निदान काजळ तरी निघू दे. सगळ्यांनी दिलं. गल्लीतल्या नवसाबाईचा डबा सगळ्यात भरलेला, ती कशातच मागे राहत नाही. आणि संक्रांतीच्या आठवड्यात तू वाणाची हळद पुसायच्या आधी ओझरला जाऊन नाव दिलंस, तेव्हा याच नवसाबाईने पंचवटीच्या बाजारात चार बायकांदेखत मला विचारलं, “भागुबाई, सूनबाई वरच्यांच्या दारात रांगोळी काढायला गेली म्हणं. आता वरून डबा येत आसंल तुम्हाला, भाजी कशाला विकत बसता?” मी कोथिंबिरीवर पाणी शिंपडत राहिले. मनात म्हटलं, बाई गं, तुझंच काजळ घेऊन गेलीय.

ते सगळं सोसवलं. पोटच्या लेकाचं, महेशचं सोसवत नव्हतं. तू जाताना बजावून गेलीस, त्याला सांगू नका, त्याच्या पोटातलं लगेच तोंडावर येतं, वरच्यांनी नुसतं समोर उभं केलं तरी वाचतील. बरोबर होतं तुझं. पण रोज ताटावर बसायचा, भाकरी मोडायचा आणि ताटाकडेच बघत राहायचा. तुझी चित्रं त्याने भिंतीकडे तोंड करून लावून ठेवली. आणि तरी कामावरून येताना मळ्याचा जवळचा रस्ता सोडून ओझरच्या अंगाचा लांबचा रस्ता धरायचा. उशीर का झाला विचारलं की म्हणायचा, गाडी पंक्चर झाली. रोज कुठे गाडी पंक्चर होते गं? मी त्याच्या डब्यात एक भाकरी जास्त घालायला लागले, दुसरं काय करणार.

मग श्रावण आला. सोमवार होता. सूर्य मावळून तास झाल्याचं घड्याळात बघून आम्ही उपास सोडायला बसलो होतो, पानं वाढली होती, आणि उजेड गेला. वीज जाते तसा नाही. आधी थोडा थरथरला, मग आभाळभर भेग गेल्यासारखी एक रेघ, आणि मग काही नाहीच. छायाने किंकाळी फोडली, “आजी, माझे डोळे गेले.” तिने अंधार जन्मात पाहिला नव्हता गं. मी चाचपडत तिला कुशीत घेतलं, म्हटलं, नाही गेले बाळा, ही रात्र आहे, पूर्वी रोज यायची. देवघरातल्या समईचा उजेड भिंतीवर हलत होता. इतकी वर्षं ती तेवतच होती, पण उजेड पडलेला त्या दिवशी दिसला. बाहेर गल्लीत कोणी रडत होतं, कोणी रामनाम घेत होतं. नाना अंगणात हात जोडून उभे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, लावली गं बाई, लावली माझ्या लेकीने. महेश माझ्या पाठीमागेच उभा होता. अंधारात माझ्याजवळ येऊन खाली बसला आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायचा तसं. छाया म्हणाली, “पप्पा, तू पण घाबरलास?” तो म्हणाला, “हो.” सकाळी बघते तर तुझी सगळी चित्रं सरळ लावलेली.

आरशाशिवाय वरच्यांना इथे काय ठेवलंय? पुढल्या पंधरवड्यात ओझर रिकामं करून ते गेले. परत येतील असं कोणी म्हणतं, येणार नाहीत असं कोणी म्हणतं. मी देवाला रोज विचारते, तो नुसता बघतो.

तुम्हा चिताऱ्यांची पहिली नाव, छोटं यान ते, उतरली त्या दिवशी आम्ही चौघेही धावपट्टीवर होतो. एकेक जण उतरत होता. शेवटी मल्हारी उतरला, तुझ्या हाताखाली सोनेरी रंग देणारा. त्याने माझे पाय धरले. त्याने सांगितलं की सोनेरी हात अंदाजापेक्षा लवकर उडाला आणि निघायची घाई झाली. पहिल्या नावेत जागा होती, पण शेवटच्या जोडाला ठिपका द्यायचा राहिला होता, तो राहिला असता तर आरसा अर्धा टिकला असता. तू म्हणालीस, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या नावेने येते. मागची नाव सुटलेली त्याने पाहिली. ती कुठे गेली ते कोणीच पाहिलं नाही. मी त्याला एकच विचारलं, तिने काही खाल्लं होतं का? तो म्हणाला, हो, तुम्ही दिलेल्या तिळाच्या वड्या ती सगळ्यांना वाटून पुरवून खात होती. वाटल्याशिवाय तू खाणार कशी.

आता नाशिकभर तुझं नाव झालं आहे. नवसाबाई दारोदार सांगते, त्यात माझंही काजळ होतं, सगळ्यात काळं माझंच. सांगू दे, खोटं नाही ते. द्वारकेच्या चौकात तुझं भलं मोठं चित्र लावलं आहे. नाक तुझं नाहीच, आणि डोक्यावर पदर, जो तू कधी राहू दिला नाहीस. तेही चाललं असतं. पण मंडळींनी त्याला हार घातला. महेशने येऊन सांगितलं, मी तशीच उठले, रिक्षा केली, हो, रिक्षा केली. चौकातल्या चहावाल्याचं स्टूल मागून घेतलं आणि वर चढून हार काढला. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजायला लागले. एक पोरगा म्हणाला, “आजी, काय करताय, त्या शहीद आहेत.” म्हटलं, बाळा, ती माझी सून आहे, ती कामाला गेली आहे. चहावाल्याने स्टूल धरून ठेवलं, मी उतरेपर्यंत.

आता शेवंतीचं सांगायचं राहिलं. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मळा पिवळाजर्द होता. तू म्हणालीस, आई, एक वेणी. मी म्हटलं, आत्ता भाव आहे, मोसम सरता सरता बांधू. पुढे आरसा आला. शेवंतीला लांब रात्र लागते, त्याशिवाय ती कळी धरत नाही. आठ वर्षं नुसती पानं. सगळ्यांनी उपटून भाजी लावली, नानांनी मात्र एक वाफा तसाच राखला. दर वर्षी मुळाशी फुटलेले कोंब काढून नव्याने लावायचे. वरच्यांचा मुकादम विचारायचा, फूल येत नाही तर पोसता कशाला? नाना म्हणायचे, “शेळी खाती.” आपल्याकडे शेळी कधी होती? या वर्षी दिवाळीत पणत्या दिसल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्या बघत ओट्यावर बसून राहिल्या. आणि त्याच आठवड्यात नाना वाफ्यातून धावत आले. सत्तरीचा माणूस धावतो हे मी प्रथमच पाहिलं. कळी होती.

पत्र आज लिहायला बसले त्याचं कारण असं, की उद्या ओझरहून तुमच्या मागच्या नावेच्या शोधाला पहिली नावच पुन्हा जाणार आहे. ही शेवटची फेरी, असं शोध घेणाऱ्या मंडळींचं म्हणणं. यानंतर शोध थांबवायचा. ज्यांची माणसं आली नाहीत त्या घरांनी एकेक हार द्यावा, तो वर नेऊन त्यांच्या नावाने सोडू, असा निरोप आला. महेशने मळ्यातली पहिली फुलं खुडून आणली, परातीत ओतली आणि बाहेर निघून गेला. मी दोरा घेऊन बसले. हार ओवायचा म्हणून बसले, पण सुईला हातच लागेना. बघते तर बोटं दोऱ्याने जोडी जोडी बांधत चालली होती. वेणीच झाली, तुझ्या केसांना पुरेल अशी दाट. ओल्या फडक्यात गुंडाळली आहे, वर केळीचं पान. मल्हारी यानातून जातो आहे, पत्र आणि वेणी त्याच्याच हाती देणार. त्याला सांगून ठेवलं आहे, ही सोडायची नाही, सृष्टीच्या हातात द्यायची. भेटली नाही तर परत आणायची. शेवंती टिकते, आणि वाफ्यात अजून पुष्कळ कळ्या आहेत. फुलं विकायची, घरात माळायची नाहीत, हा या घरचा रिवाज मी आजपासून मोडला आहे. तू दारात उभी राहशील त्या दिवशी तुला शिळी वेणी घालायची नाही, म्हणून मी रोज नवी बांधणार आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई