डब्यात केळीच आहेत

रावेर, ता. ४ जून १९५७

चि. अभिमन,

सुट्टीला धुळ्याला पोचलास, अक्काच्या हातचं अंगी लागत असेल. इकडे आम्ही खुशाल; ऊन आमच्याहून खुशाल.

तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या दिवसापासूनचे तपमानाचे आकडे नाहीत, म्हणून तुमचा अहवाल अडलाय.

आमच्या केळी संघाने तुमच्या कॉलेजला प्रश्न घातला, तेव्हा सभेत मीच भाषण ठोकलं होतं: दिल्लीला पोचेस्तोवर केळी काळी पडतात; विद्यापीठाच्या पोरांनी डोकं चालवावं, बक्षीस आम्ही देऊ. चिटणिसाचा भाचाच एका तुकडीचा म्होरक्या, अशी कुजबुज झाली. मी म्हटलं, भाचा हुशार निघाला हा काय माझा गुन्हा? माझा गुन्हा पुढचा आहे.

चार तुकड्या, मालगाडीचे चार डबे. बाकीच्यांनी झडपा वाढवल्या, बर्फ ठेवला. तू उलटं केलंस: फटी डांबराने बुजवल्या, दार घट्ट. तुझी केळी हिरवीगार उतरली. पंचांनी माझीच पाठ थोपटली.

तपमान टिपायला 'आत एक विश्वासू माणूस बसवा' असं तू लिहिलं होतंस. मी हिलालला बसवला. वखारीतला हमाल, तुमच्या धुळ्याकडचाच; आकडे काढायला मी शिकवले. चढताना म्हणाला, "भाऊ, केयीसना ताप मोजतस, मना ताप कोन मोजी?"

"तुला काय दिल्लीत विकायचंय?" मी म्हटलं. सगळे हसले. तोही.

पहिल्या दिवसाच्या नोंदी सुबक आहेत. पुढे वही कोरी आहे.

दिल्लीला दार उघडलं तेव्हा हिलाल घडांना टेकून बसलेला होता. मेलेला. डॉक्टर म्हणाले, तोडलेली केळीही श्वास घेतात. आतली हवा त्यांनीच संपवली, म्हणून पिकायची थांबली. तार माझ्या नावावर आली. तुला मी 'केळी उत्तम' एवढंच कळवलं.

हे तुझ्या अंगावर ढकलता आलं असतं. महिनाभर मनात तेच करून पाहिलं. पण दर मोठ्या स्टेशनात घटकाभर दार उघडावं, हेही तूच लिहिलं होतंस. ते मी गार्डला सांगायचं होतं. मालाच्या डब्यात माणूस न्यायचा तर परवानगी लागते, पंधरा दिवस जातात. आणि आमच्या बक्षीस-समारंभाची निमंत्रणं छापून आलेली. गार्डाने विचारलं, "आत कोणी नाही ना?"

मी म्हणालो, "केळीच आहेत." त्याने सील ठोकलं.

हिलालची बायको भिकुबाई रोज संघाच्या ओट्यावर येऊन बसते. "भाऊ, मझार मानूस शे, हाई गार्डले कोन्हीच सांगं नही का?" मी म्हणतो, आत माणूस असल्याचं गार्डला कुणी का सांगितलं नाही, याची चौकशी चालू आहे. खोटं नाही. संघाने चौकशी समिती नेमली आहे, आणि तिचा अध्यक्ष मी आहे.

काल तिने विचारलं नाही. नुसती बसली, आणि उठताना माझ्याच पाया पडली. तिचं ऐकून घेणारा इथे मी एकटाच आहे म्हणे.

हे पत्र आधी पेटीत टाकतो, मग तिच्या घरी जातो, तिथून पोलीस ठाण्यात. आधी तिच्याकडे गेलो तर दारातून परत फिरेन. मी मला ओळखतो. पत्र निघून गेलं की निदान तुला ठाऊक असेल.

अक्काला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

हिलालला डब्यात बसवणारा, तुझा मामा,
रुपचंद