उभ्या फटफटीचा काटा

हमीदच्या अब्बांना,

माझ्या बहिणीला, फरिदाला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, म्हणून बैलगाडीने काशीदला निघाले. नेणार होतात फटफटीवर, पण फटफटीचं ते नवं काट्याचं घड्याळ दुरुस्त करून घ्यायच्या नादात तुम्ही लोहाराकडे बसलेले.

माझं तर डोकंच चालत नाही. काल फटफटी अंगणात उभी, इंजिन नुसतं धडधडतंय आणि काटा तीसवर! उभ्या उभ्या ती कुठे पळत होती? ते घड्याळ रस्त्याचे मैल मोजतं की इंजिनाचे फेरे, हे विकणाऱ्याला विचारलंत, की नुसतं चकाकलं म्हणून घेतलंत?

कालवण चुलीवर आहे. जेवून लगेच निघा. फरिदा पहिलटकरीण, तिच्या घरात पुरुषमाणूस नाही. डॉक्टर लागला तर मुरूडला कोण धावणार? चाकं फिरली म्हणजे झालं, काटा राहू द्या.

फिरोजा