चांगल्या हेडफोनमध्ये ऐकू आलं ते

२ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघ्याला शेक देतेस ना, की पिशवी कपाटातच? मी बरी आहे. लॅबमध्ये काम तुंबलंय, दातांच्या डॉक्टरांना सगळ्या कवळ्या कालच हव्या असतात. एका आजोबांनी कवळी तिसऱ्यांदा परत पाठवली, "हसताना दुसऱ्याचे दात वाटतात" म्हणून. आता ते दुसऱ्याचेच आहेत, त्याला मी काय करू?

पत्र बघून दचकली असशील. फोन केला की तुझा लेक शेजारीच असतो आणि तू "घे, दादाशी बोल" म्हणून फोन त्याच्या हातात देतेस. म्हणून लिहितेय. तो घरात नसताना वाच.

बँड का सोडलास, असं तू दोनदा विचारलंस. वेळा जमत नाहीत असं मी म्हटलं होतं. थोडा वेळ तेच खरं धर.

मेटल संगीत मात्र सोडलेलं नाही. तू त्याला भांडी आपटणं म्हणतेस, म्हण बापडी. आता एकटीनेच करायचं ठरवलंय. गिटार मी, गुरगुरणं मी आणि ड्रम कॉम्प्युटरमधले. आजवर रेकॉर्डिंगचं सगळं तुझा लेक बघायचा. कुठली वायर कुठे जाते हेही मला धड माहीत नव्हतं. आधी नेटवर विचारलं. तिथे प्रत्येक जण गुरू. अर्धे म्हणाले हे घे, अर्धे म्हणाले ते घेणारा गाढव, आणि एकाने विचारलं, फोटो पाठवतेस का. हात धुवावेसे वाटले.

मग वाद्यांच्या दुकानात गेले. विक्रेत्याचा पहिला प्रश्न, "भावासाठी बघताय का?" मी म्हटलं, माझ्यासाठी, घरात रेकॉर्ड करायचंय, आणि मी ओरडते. तर त्याने सोनेरी जाळीचा, कुजबुजसुद्धा टिपणारा माईक काढला. म्हणे तुमच्या आवाजाला नाजूकच शोभेल. माझा आवाज ऐकलाय कुठे याने? वर त्याच माईकवर स्वतः फुंकर मारून दाखवली. जाळीवर थुंकीचे थेंब, आणि तोच माझ्या तोंडासमोर धरून म्हणतो, बोला मॅडम. नंतर गिटार आणि माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी दाखवली, ती आठ तोंडांची. मी काय रावण आहे? एकटीला दोन तोंडं पुरतात, एक गिटारला, एक माईकला. शेवटी मी माझं मीच ठरवलं. दोन तोंडांची पेटी, स्टेजवर वापरतात तो दणकट माईक, जो ओरडणं सोसतो आणि शेजारच्यांचा कुकर टिपत नाही, आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन.

हेडफोन पारखायचे तर पाठ असलेलं गाणं लावावं म्हणतात. मी आमचंच लावलं. तू येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने ऐकवतेस, तेच.

त्याची सुरुवात आठवते ना? गिटार सुरू व्हायच्या आधी वारा घुमल्यासारखा एक आवाज येतो. जुन्या पंख्याचा आवाज संथ करून बनवलाय, असं तुझा लेक म्हणाला होता. आमच्या तालमीच्या खोलीतल्या फुटक्या स्पीकरवर तो पंखाच वाटायचा. या हेडफोनमध्ये तो पंखा नव्हता. आत ओढताना अडकत होता, बुडबुड्यासारखा वाजत होता, मग सुटत होता. मग लांबून चाकांची ढकलगाडी गेली. आणि संथ केल्यामुळे पुरुषासारखा झालेला, पण माझाच आवाज आला, "आई, पाणी देऊ?"

मावशी, मी दुसऱ्यांच्या तोंडाचे साचे हाताळते. त्यांना चिकटलेलं काय काय नखाने काढते आणि मग त्याच हाताने डबा खाते. मला किळस अशी कशाची येत नाही. त्या दिवशी मी दुकानाच्या फरशीवर बसले आणि तोंडावर हात दाबून धरला. तो विक्रेता वाकून विचारत होता, आवाज जास्त झाला का मॅडम.

तिथून थेट तालमीच्या खोलीवर गेले. तुझा लेक गिटार लावत बसला होता, ड्रमवाला चहा पीत होता. मी विचारलं, गाण्याच्या सुरुवातीला काय आहे. त्याने नाकारलं नाही. दवाखान्यात आईच्या उशाशी फोन सुरू करून ठेवला होता म्हणाला.

"असा आवाज बनवून मिळत नाही," तो म्हणाला. "खरा आहे तो."

"ती श्वास घेत होती रे. तिला जमत नव्हता."

"तेच तर. आणि कुणाला कळणार आहे? तुला तरी कुठे कळलं इतके महिने?"

मला शिसारी त्याची आली, पण त्याहून जास्त माझी. त्या श्वासावर मी किती वेळा मान हलवत ताल धरलाय. माझं गुरगुरणं जिथे सुरू होतं, तिथे त्याने तिचा श्वास अर्ध्यात कापलाय. ड्रमवाल्याला सगळं माहीत होतं. त्याने कप खाली ठेवला आणि चप्पल शोधायला लागला.

मी म्हटलं, माझ्यासमोर काढून टाक. त्याने काढलं, पंखा म्हणजे खराखुरा पंखा घालून गाणं पुन्हा नेटवर चढवलं. चेहरा असा, की मी त्याचं बोटच कापलंय. पण ज्यांच्या फोनमध्ये जुनं उतरवलेलं आहे, तिथे ते तसंच आहे. तुझ्या फोनमध्येही जुनंच आहे, मावशी. म्हणून सांगावं लागतंय. ते आता कुणाला ऐकवू नकोस.

इथेच थांबणार होते. चहा करून आले, पण बाकीचं लिहिल्याशिवाय पाकीट बंद होईना.

मूळ रेकॉर्डिंग पुसण्याआधी ते मी पूर्ण वाजवायला लावलं. तो नको म्हणाला. का नको म्हणाला ते मग कळलं. मी पाणी भरायला बाहेर गेले, तेवढ्यात आई बोललीय. गाण्यात बसत नव्हतं म्हणून त्याने तेवढं वगळलं होतं. तिने विचारलं, "ताई आली का?" तो म्हणाला, येतेय, गाडीत आहे. मग म्हणाली, "तिला म्हणावं, आल्यावर रडत बसू नकोस. मला तिच्या रडण्याचा कंटाळा येतो." आणि हसलीसुद्धा थोडी.

तू दहाव्याला आणि नंतरही म्हणत राहिलीस, शेवटी तिला माझी आठवणसुद्धा आली नसेल. तो समोर बसून ऐकत होता. तुला सांगितलं असतं, तर फोन सुरू होता हे सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प बसला. आवाज चोरला ते एक वेळ मी गिळीन. हे मला गिळवत नाही. त्याला दादा म्हणायला आता माझी जीभ उचलत नाही. तू त्याची आई आहेस, तू काय करायचं ते मी सांगणार नाही.

तो पुसायला निघाला, तेव्हा मीच म्हटलं, थांब, आधी मला दे. त्याला घाणेरडा म्हणून झालं आणि तेच मी हात पसरून मागून घेतलं. आता ते माझ्याकडे आहे. श्वास मी ऐकत नाही. ते बोलणं ऐकते.

तुला ऐकायचं असेल तर इकडे ये. मी हेडफोन तुझ्या कानांवर ठेवीन आणि बाहेर जाऊन उभी राहीन. नको असेल तर तसं कळव, पुन्हा विषय काढणार नाही. पण ती तुझी वाट बघत होती, एवढं तरी आता तुझ्याकडे असू दे. आणि ये तेव्हा खुशाल रड.

तुझ्या धाकटीची लेक