रिटायर झालो की गुडघा

३ जुलै
हार सुकले. परवा ह्यांना कारखान्यातून ढोल वाजवत घरापर्यंत सोडलं. निरोपाच्या भाषणात माइकवर म्हणाले, "अब सबसे पहले मैडम के घुटने." टाळ्या! किती वर्षं हेच ऐकतेय, रिटायर झालो की गुडघा. तेव्हाच रजा टाकली असती तर... असो. दोन जिने. आज खाली उतरलेच नाही.

२१ जुलै
ह्यांना झोप नाही. छातीत धडधड. दिवसभर गॅलरीत उभे. बीपी १७०. डॉक्टर म्हणाले, ऐसे खाली मत बैठिए, मन लगाइए. माझ्या गुडघ्याचे एक्स-रे बरोबर नेले होते. पिशवीतून काढलेच नाहीत.

९ ऑगस्ट
हे मंडीदीपच्या एका फॅक्टरीत लागले. मला कळलं कुणाकडून? शेजारच्या दुबेबाईंकडून, जिन्यात. "भाईसाहब तो फिर ड्यूटी पे! आपके ऑपरेशन का क्या हुआ?" हसले. वर येऊन कुकर आपटला.
संध्याकाळी विचारलं, तर म्हणे डॉक्टरांनीच सांगितलंय. म्हटलं, डॉक्टरांनी माझंही सांगितलंय.
"तुझं काय गं, गुडघाच तर आहे."
गुडघाच तर!

२० ऑगस्ट
ह्यांचं बीपी घेतलं. १२८/८२. झोप शांत, घोरतात सुद्धा. नवऱ्याचं बीपी नॉर्मल आलं म्हणून संतापणारी बाई मी एकटीच असेन. आनंद व्हायला हवा. झालाही. त्याचाच जास्त राग.

२ सप्टेंबर
एकटी रिक्षाने दवाखान्यात गेले, ऑपरेशनची तारीख घेतली. ११ ला भरती. साथ में कौन रहेगा, विचारलं. काय सांगणार? लेकीला नववा लागलाय, तिला बोलावणार नाही.
घरी सांगितलं. हे म्हणाले, ११ ला ऑडिट आहे, पुढच्या महिन्यात बघू.
"विचारत नाहीये. सांगतेय."
पेपर वाचत बसले.

१० सप्टेंबर
बॅग भरून दाराशी ठेवली. गाऊन, फाइल, गोळ्या. उद्या डबा करणार नाही. भाजीही चिरून ठेवली नाही, ते बघितलंय त्यांनी. फॅक्टरीची बस आधी येते, माझी टॅक्सी नंतर.
आता हॉलमध्ये बसून बूट पॉलिश करताहेत. कुठे जायला, ते विचारणार नाही. दवाखान्यात बूट चमकवून कोण जातं? हे जातात. लेक झाली तेव्हाही आले होते, असेच चकचकीत बूट घालून.
पण ती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.