घोट्याला दोनच भोकं

१० मार्च १९९६, रविवार
सगळ्यात आधी टपकली ती विहीणबाई, सरस्वतीबाई. माझी शुभदा तिच्या घरात दिलेली. डोंबिवलीहून आली ती चहाच्या आधीच लुगडं वर घेऊन घोट्यावरचा टाका दाखवायला बसली. चांगला वीतभर. गेल्या वर्षी घोटा उघडून आपरेशन केलं तिचं. चार महिने पलंगावर होती ते सांगत नाही, पण सून माझीच पोर, मला सगळं कळतं.
माझाही घोटा गेलाय. मासळी घ्यायला गेले नि धक्क्यावर घसरले, त्याला अकरा वर्षं झाली. आता पाय टेकला की जीव जातो.
पण बातमी अशी, शुभदाला सातवा लागलाय! नऊ वर्षांनी! मी आनंदाने रडले. विहीण म्हणाली, बारशाला पाळणा कोण उभं राहून हलवतं ते बघू. मी म्हटलं, बघाच.

१२ मार्च
खोपटला डॉक्टरकडे. म्हणाले, दोन तऱ्हा आहेत, आत काम तेच. हाडं खरवडायची, हाडाला हाड लावायचं, स्क्रू मारायचे. सांधा गोठतो, दुखणं जातं. उघडून केलं तर मोठी चीर, आठ दिवस हॉस्पिटल, पण सगळं डोळ्यांना दिसतं, वाकडा पाय सरळ होतो. दुर्बिणीने केलं तर दोन भोकं, जखम लवकर भरते. माझा पाय सरळ, म्हणून दुर्बीण चालेल. शेवटी म्हणाले, आजी, हाड जुळायला दोन्हीत वेळ तेवढाच. बारा आठवडे पाय टेकायचा नाही.
तरुण आहेत, उगाच घाबरवतात. सुरमई कापायला वेळ लागतो, मांदेलीला काय लागतो? भोक लहान, दुखणं लहान.
रोज किती दुखलं ते लिहायला वही करा म्हणाले. ही तीच. दाखवणार नाही.

२१ मार्च
सोमवारी झालं. आज घरी. दोन भोकं, मुंगी चावल्यासारखी. डोंबिवलीला फोन लावून सांगितलं. विहीण म्हणाली, पाय उशीवर ठेवा विहीणबाई. जळते माझ्यावर.

७ एप्रिल
पडून पडून दमले. कुबड्या काखेत रुततात. पलस्तराच्या आत खाजतं. ठराव : बारा आठवडे काटेकोर पाळायचे.

१४ एप्रिल
शेजारच्या सगुणाने सांगितलं, मासळीबाजारात माझ्या जागेवर दुसरीच पाटी मांडायला लागली आहे. सत्तावीस वर्षांची जागा! बसायला पाय कशाला लागतो?

१५ एप्रिल
बाजारात गेले. पलस्तराला दुधाच्या पिशव्या बांधल्या, वर सुतळी. नुसती बसले. जागा परत घेतली. दुखलं नाही. (थोडं.)

२९ एप्रिल
रोज जाते. फरशीवर बर्फाचं पाणी, म्हावऱ्याचं पाणी, पिशवी कुठेतरी फाटली असणार. पलस्तर खालून भाकरीच्या पिठासारखं झालंय. चालताना पाय आत हलतो. म्हणजे सैल झाला, म्हणजे सूज उतरली. चांगलंच आहे.

३ मे
डॉक्टरने पलस्तर हुंगलं. म्हणाले, आजी, बोंबलाचा वास कसा? मी म्हटलं, आमच्या घरात भिंतींनाही येतो. नवीन पलस्तर घातलं, पाय टेकलात तर बघा म्हणाले. टेकत नाही. फक्त बाजारापुरता.

२९ मे, दुपार
मुलगी झाली!! शुभदा सुखरूप. कापसासारखी पोर, नाक आमच्याकडचं. बारसं नऊ जूनला, आमच्याच घरी. पाळण्याला लाल दोरी काढून ठेवली. आज पाय फार ठणकतो, आनंदाने असेल.

३१ मे
एक्सरे काढला. हाड जुळलंच नाही. स्क्रू ढिला होऊन आतून कातडीला टोचतोय, पाय बाहेरच्या बाजूला कललाय. आता दुर्बीण चालायची नाही, उघडावंच लागेल, कमरेचं हाड काढून मध्ये भरायचं. पाच तारखेला. मी म्हटलं, बारसं होऊ दे. म्हणाले, स्क्रू बाहेर आला तर पायच धोक्यात. मग विचारलं, मी सांगितलेलं ऐकलंत का? मी म्हटलं, ऐकलं होतं.
वही त्यांना दिली नाही. बारा आठवडे मोजून बघितले, दहा जूनला पुरे झाले असते, बारशाला एकच दिवस कमी. नीट बसले असते तर बारशाला बहुतेक उभी असते.

६ जून, हॉस्पिटल
टाका वीतभर. विहिणीच्यापेक्षा दोन बोटं मोठाच. दुर्बीण बरी की उघडं, आता कोणी विचारलं तर माझ्याइतकं कोण सांगणार, दोन्ही एकाच पायात.
विहीण आली होती. टोमणा मारेल म्हणून तोंड फिरवून पडले. तिने मारला नाही. उशी सरळ केली आणि म्हणाली, पाळण्याची दोरी मी धरते, पण नाव तुम्ही सांगाल तेच ठेवू. मग मात्र मला रडू आलं.
रविवारी नऊ तारखेला बारसं उरकून घुगऱ्या आणि पोरीला घेऊन येते म्हणाली. चार वाजता. जिना चढून, चालत.