बासष्ट पावलांवर रेंज

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही. काम: घरातलं वायफाय परसाच्या टोकाच्या मागच्या खोलीपर्यंत नेणे. अंतर बासष्ट पावलं (माझी, हिची सत्तर तरी होतील). अडथळे: लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, खोलीवरचे पत्रे. मुदत: दोन दिवस. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली एकोणीस लाइन इन्स्पेक्टर म्हणून. नदीपलीकडे तारा नेल्या आहेत. परस म्हणजे किस झाड की पत्ती.

पार्श्वभूमी, नोंदीत असावी म्हणून: ही डिसेंबरपासून मागच्या खोलीत राहते. पुस्तकांची प्रुफं तपासायचं तिचं काम, त्याला शांतता लागते. घरात माझा रेडिओ असतो, माझा खोकला असतो. गादी, टेबल, दिवा, छोटी शेगडी, सगळं एका दुपारीत स्वतःच उचलून नेलं. हात लावू का विचारलं तर नको म्हणाली. पहिल्यापासूनच स्वावलंबी.

तिकडे नेट पोचत नाही. मोबाइलची रेंज जेमतेम बोलण्यापुरती. म्हणून रोज संध्याकाळी सहाला लॅपटॉप घेऊन घराच्या मागच्या पायरीवर येते, पानं पाठवते, जाते. केवढी गैरसोय. नेट खोलीत पोचलं की तिला कळेल, या घरात आपली काळजी घेणारं कोणी आहे. मग राग जाईल. तसा राग वगैरे काही नाही. पण असलाच तर.

संध्याकाळी आगमन ६.०४, प्रस्थान ६.३९. चहा दिला. अर्धा कप प्यायली.

४ फेब्रुवारी, मंगळवार
राउटर मागच्या खिडकीत हलवला. पाठीमागे मोठ्या पातेल्याचं झाकण उभं केलं, म्हणजे लहरी परतून परसाकडे जातील. साधं विज्ञान आहे, पण लोकांना सुचत नाही.

टेस्टिंगला दोन माणसं लागतात, दोन टोकांना एकेक. मी इकडून हिला मोबाइलवर फोन केला. विचारलं, किती काड्या दिसतायत. म्हणाली, एकही नाही. झाकण जरा डावीकडे केलं. आता? नाही. उजवीकडे? नाही. असं अकरा मिनिटं चाललं. डिसेंबरनंतर एवढा वेळ आम्ही बोललो नव्हतो.

एक तांत्रिक दोष आढळला. फोन उचलल्यावर ही पूर्वी 'अहो' म्हणून सुरुवात करायची. आता एकदम 'बोला'. रेंज कमी असल्यामुळे पहिला शब्द कट होत असावा.

आगमन ६.०२, प्रस्थान ६.४५. पानं जायला वेळ लागतो आहे. चहा पूर्ण कप.

६ फेब्रुवारी, गुरुवार
रिपीटर आणला, लहरी पुढे ढकलणारा. कपडे वाळत घालायच्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधला. स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. दिसायला थोडं हॉस्पिटलसारखं दिसतं, पण काम पक्कं.

मुलीचा फोन. ती लांब असते, कंप्यूटरचंच काम करते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, आई वायफायसाठी तिकडे गेली नाहीये. म्हटलं, मला माहीत आहे, शांततेसाठी गेली आहे. त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. लाइन तुटली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं, तर म्हणाली, आहे मी.

९ फेब्रुवारी, रविवार
यश. अंशतः. लिंबाच्या झाडाखाली पूर्ण रेंज. चार पावलं पुढे टाकीपलीकडे शून्य. संध्याकाळी ही आल्यावर सुचवलं की टेबल लिंबाखाली आणलं तर प्रश्न मिटतो. छत्री मी बांधून देतो. तिने माझ्याकडे पाहिलं. नकार दिला नाही.

आगमन ६.०६, प्रस्थान ६.३०. चहा नको म्हणाली. उकाडा होता.

१० फेब्रुवारी, सोमवार
टेबल लिंबाखाली आलेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
निर्णय: हे हवेतले प्रकार पुरे. तार ती तार. कपाटावर खात्याच्या काळातलं टेलिफोनच्या वायरचं अख्खं भेंडोळं आहे. ते काढताना जुनं फोन रजिस्टर हाती लागलं. घरी आलेल्या प्रत्येक फोनची मी त्यात नोंद ठेवत असे: तारीख, वेळ, कोणाचा, काम, प्राधान्य. सवयच ती.

१६ सप्टेंबरची नोंद वाचली. 'दु. ४.१०. हिची ताई, दवाखान्यातून. भेटायला बोलावलं. प्राधान्य: साधारण.'

ही त्या दिवशी बाहेर गेली होती. ताई स्वतः म्हणाल्या होत्या, घाई नाही, सवडीने येऊ दे. मग 'तातडी' कसं लिहिणार? नोंद चोख केली. खात्यात तक्रार रजिस्टरला चढली की ती आपोआप पुढे जायची, तोंडाने सांगत फिरावं लागायचं नाही. तिसऱ्या दिवशी ताई गेल्या. नंतर सांगण्यात अर्थ नव्हता, उगाच तिला त्रास झाला असता.

डिसेंबरात कपाट आवरताना हिला हेच पान सापडलं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, ताईचा निरोपही मला मिळाला नाही आणि तिचा निरोपही मला घेता आला नाही. एका वाक्यात एकच शब्द दोनदा आला, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. प्रुफं तपासणारीला हे खटकायला हवं होतं.

आज वाटतं, तेवढं बोलायला नको होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वायर टाकून झाली. सात जोड, प्रत्येक जोड पिळून, टेप मारून. खात्यात माझ्या जोडांचं नाव होतं. नेट शून्य. संध्याकाळपर्यंत सातही जोड दोनदा तपासले. जोडांत दोष नाही. दोष नेटमध्ये आहे.

आगमन ६.०५, प्रस्थान ६.५१. पानं आज फारच हळू गेली. खाली वाकून वायर पाहिली आणि विचारलं, हे कशासाठी चाललंय. म्हटलं, तुला इथपर्यंत यावं लागतं म्हणून. ती लॅपटॉप मिटून उठली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
नेटवाल्याला बोलावलं. फक्त सल्ल्यासाठी. वायर हातात घेऊन म्हणाला, काका, ही फोनची आहे, यातून फार तर नमस्कार जाईल. विनोदाची त्याची पातळी लक्षात आली. नेटची वायर वेगळी, आत आठ तारा, रंगांचा क्रम ठरलेला, मध्ये एकही जोड चालत नाही. मी वीस मिनिटांत ओढून देतो म्हणाला. म्हटलं, सामान ठेवून जा, ओढायचं मी बघतो. काकूंसाठी का, असं विचारलं त्याने. हो म्हणालो. मग रंगांचा क्रम कागदावर लिहून दिला आणि गेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
वायर जमिनीखालून नेतो आहे. चर खणायचा म्हणजे चर खणायचा, वरून लोंबकळणाऱ्या वायरी मला कधीच चालल्या नाहीत. तीस पावलं खणून झाली. कंबर गेली.

साडेअकराला तिकडचं दार उघडलं. ही पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, ऊन फार आहे, सावकाश. चार शब्द. मी पाणी पिईपर्यंत उभी राहिली. तिच्या केसांत एवढे पांढरे कधी झाले मला माहीत नाही. रोज पायरीवर बसते, पण माझ्याकडे पाठ करून.

अंदाज: परिस्थिती पंधरा दिवसांत पूर्ववत. मार्चमध्ये गादी उचलून इकडे आणताना मदत लागेल. कंबर तोवर बरी व्हायला हवी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३.२०
काम पूर्ण. रंगांचा क्रम दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर. खोलीच्या दारावर छोटा डबा बसवला, त्यावर हिरवा दिवा लागला. इकडे येऊन फोन लावला, या वेळी नेटवरून. विचारलं, किती काड्या. म्हणाली, सगळ्या. आवाज असा स्वच्छ की मागे तिची पेन्सिल टेबलावर ठेवल्याचंही ऐकू आलं. एक अक्षर कट झालं नाही.

'अहो' नव्हतं. तो लाइनचा दोष नव्हता.

मग म्हणाली, थँक्यू, बरं झालं. टेस्टिंग समाप्त असं म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी ६.००. आज चहा दोघांचा मांडला आहे.
६.२५. चहा गार.
६.५०. पानं तिथूनच गेली असणार. म्हणजे लाइन उत्तम चालते आहे. हीच तर कामाची पावती.

२६ फेब्रुवारी, बुधवार
आगमन नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आगमन नाही. खिडकीतून पाहिलं. टेबलाशी बसून काम करते आहे. तब्येत ठीक दिसली.

दुपारी टेस्टिंगसाठी फोन केला. किती काड्या. सगळ्या. काही अडचण? नाही. मग विचारायचं काही उरलं नाही. काम इतकं चांगलं करायला नको होतं.

१ मार्च, शनिवार
मुलीचा फोन. तिला आईकडून कळलं होतं, नेट छान चाललंय. म्हणाली, बाबा, ती दिवसातून एकदा तरी घरापर्यंत येत होती, आणि तुम्ही तिथपर्यंत वायर टाकून दिलीत. मी म्हटलं, तिच्या सोयीसाठी टाकली. हो म्हणाली. मग विचारलं, तुम्ही माफी मागितलीत का आईची? म्हटलं, अकरा तारखेला लिहिलंय. कुठे लिहिलंय? म्हटलं, वहीत. तेव्हा मुलगी रडायला लागली. मला वाटलं, तिकडे तिला काहीतरी त्रास आहे. विचारत राहिलो. काही नाही म्हणाली.

फोन ठेवल्यावर अकरा तारखेचं पान पुन्हा वाचलं. त्यात माफी कुठेही नाही.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.५८
राउटर बंद केला. बिघाड नाही. मीच बंद केला.

६.११ ला तिकडचं दार उघडलं. ही लॅपटॉप घेऊन आली. पायरीशी उभी राहिली, बसली नाही. विचारलं, बंद पडलंय की बंद केलंय. मी म्हणालो, केलंय.

आणि मग सांगितलं. ताई फोनवर आणखीही बोलल्या होत्या. या दोघी बहिणी जवळजवळ वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या; कशावरून, ते आता दोघींपैकी कोणालाच सांगता आलं नसतं. ताई म्हणाल्या होत्या, तिला म्हणावं, माझ्या मनात आता काही नाही, तूही मनात ठेवू नकोस. रजिस्टरचा रकाना एका ओळीचा. तिथे 'भेटायला बोलावलं' एवढंच मावलं, म्हणून मी एवढंच लिहिलं. बाकीचं आजवर कोणाला सांगितलं नाही. चुकलो म्हणालो. माझ्यामुळे तुझी ताईची भेट राहिली म्हणालो.

तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग तिने विचारलं, 'ठेवू नकोस' म्हणाली की 'ठेवू नये' म्हणाली? नीट आठवा. ताई माझ्यावर रागावलेली असली की परक्यासारखं, 'तिने असं करू नये' म्हणायची. राग गेला की 'नकोस' म्हणायची.

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. ताईंचा आवाज आठवला, मागे दवाखान्यातली ट्रॉली गेल्याचा आवाज आठवला, घड्याळातले चार दहा आठवले. तो शब्द आठवला नाही. आधी 'नकोस' कसं तोंडात आलं तेही सांगता येईना. तसंच सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

ती पायरीवर बसली आणि रडली. माझ्याकडे पाठ करून. खांदे हलत होते, आवाज अजिबात नाही. मी मागे दारात उभा. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं, पण आता आपल्याला तो हक्क आहे की नाही ते कळेना.

थोड्या वेळाने डोळे पुसून उठली. म्हणाली, चालू करा, पानं पाठवायची आहेत. पायरीवर थांबली नाही, खोलीत गेली.

६.४० ला राउटर चालू केला. डब्यावरचा हिरवा दिवा इथून दिसतो. लाइन उत्तम.

मला तिच्याशिवाय या घरात राहता येत नाही. हे आत्ता वहीत लिहितो आहे. ती पायरीवर बसली होती तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी एवढंच विचारलं, चहा घेणार का, आणि ती नको म्हणाली.