पोटरीला आलेलं भात

१० सप्टेंबर १९९५, पेण

कमळाकरला काकडीचं घावन अजून आवडतं! तीस वर्षांनी भाऊ माझ्या ओट्याशी उभा राहून खातो आहे — तव्यावरचं, बोटं भाजत. अमेरिकेतली नोकरी सोडली, बायकोही गेली. "आता कायमचा इथे, ताई. हाकललंस तरी जाणार नाही." मी कशाला हाकलते! हे गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

एकोणीसला बाबांची तिथी. बाबा गेले तेव्हा तो येऊ शकला नाही. चोवीस वर्षं रोह्याचा पुंडलिक, आमचा चुलतभाऊ, पिंड देत आला. यंदा मुलगा देणार. गुरुजींना सांगून आले.

१३ सप्टेंबर

गुडघा ठणकतो. कमळाकरने न सांगता चोळायला तेल आणलं.

१४ सप्टेंबर

महाडची एसटी धरून दोघं खांब गावाला गेलो, आमच्या खाचरांवर. भात पोटरीला आलं आहे. कणीस अजून पानांच्या आत, दांड्याचं पोट फुगलेलं. या दिवसांत बाबा कुणाला खाचरात पाय टाकू देत नसत. "पोटुशी आहे ती," म्हणायचे, आणि आवाजसुद्धा खाली घ्यायचे.

कमळाकर बांधावरूनच म्हणाला, "आठ दिवसांत निसवेल. कणीस बाहेर."

सखा आमची जमीन कसतो. तो खूश! "भाऊ, इतकी वर्सां तिकडं र्‍हाऊन इसरला नाय तुमी! आमचा जावई कंपनीत जातो, त्याला भात नि गवत येकच!"

"विसरून कसं चालेल? लष्करात माझं हेच काम होतं."

लष्करात भात ओळखायचं? मला हसू आलं. परतीच्या एसटीत विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर

व्हिएतनाम. अमेरिकेत शिकायला गेलेला, तिथेच राहायचं ठरवलं म्हणून सक्तीने लष्करात घेतला — एवढं ठाऊक होतं. "ऑफिसात असतो, बंदूक नाही," असं पत्रात असायचं. बाबा गावभर तेच सांगत फिरायचे, छाती काढून.

खरंच ऑफिस होतं! टेबलावर विमानातून काढलेले फोटो. त्याने भिंग लावून सांगायचं, कुठलं खाचर पोटरीला आलं आहे. मग विमानं जाऊन त्यावर विषारी औषध फवारायची.

"पोटरीतच का?"

"तेव्हा फवारलं की दाणा भरत नाही. आधी मारलं तर माणसं पुन्हा लावणी करतात."

किती सरळ आवाज! जणू वांग्यावरच्या किडीबद्दल बोलतो आहे.

"कुणाचं भात?"

"कम्युनिस्टांचं."

"भात कम्युनिस्ट असतं?"

"ते गनिमांच्या पोटात जायचं, ताई."

"आणि पोराबाळांच्या?"

"ते वरून दिसत नाही."

शी! पोट कसं ओळखायचं, हे त्याला बाबांनी शिकवलं होतं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस आमच्याकडून रोज रशियासाठी प्रार्थना करून घ्यायच्या. कम्युनिस्ट म्हणजे देवाला विसरलेली माणसं, अमेरिका त्यांना थोपवते आहे! आम्ही चिमुरड्या गुडघे टेकून, डोळे घट्ट मिटून. मेणबत्त्यांचा वास, इस्त्रीचे पांढरे मोजे — किती जपली होती मी ती आठवण. आज तिचीही किळस येते.

१६ सप्टेंबर

त्याला जेवायला वाढलं. भात कालवणारी त्याची बोटं बघवेनात. पाठ फिरवून भांडी घासत बसले.

१७ सप्टेंबर

सांगून टाकलं. "बाबांच्या पिंडाला तू हात लावायचा नाहीस."

"पंचवीस वर्षांचा होतो मी. हुकूम होता. नाही म्हटलं असतं तर तुरुंग."

"मग जायचं होतंस तुरुंगात! बाबांनी मान वर करून सांगितलं असतं."

"तुला सगळं ठाऊक नाही, ताई."

"आणखी ऐकायचंच नाही मला!"

बॅग उचलून खांबला गेला, सखाकडे. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

पुंडलिकला रोह्याला फोन केला. येतो म्हणाला.

१९ सप्टेंबर

सकाळीच सखा आला. "भाऊंनी दिलाय. म्हनले, पिंडाच्या आधी ताईंना वाचू दे."

पाकिटात एक पिवळा कागद. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. खांबचं खाचर, १९६७. लावणीची तारीख, दर आठवड्याला पानाचा रंग, पोटरी कधी, निसवलं कधी. सगळं कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, सुरेख वळणदार अक्षर. माझं! "घरची फार आठवण येते, आपल्या भाताचं सगळं कळव," असं त्याने लिहिलं होतं. मी बांधावर बाबांना विचारून विचारून टिपलं होतं.

खाली पेन्सिलीने एक ताजी ओळ: "हा माझ्या टेबलासमोर लावलेला असायचा."

पुंडलिक सोवळं नेसून बसला आहे. गुरुजी पिंडांचा भात मागताहेत. तो मीच शिजवला आहे.